मुसीकाठी आरती शोधू नका

वाराणसीची गंगा आरती पाहिलेला मराठी प्रवासी हैदराबादेत आला की मुसीकाठी तसंच काही शोधतो आणि नया पुलावरून खाली डोकावून, नाक दाबून चारमिनारकडे वळतो. त्याला वाटतं, या शहराने नदीपूजा सोडून दिली. हा निष्कर्ष घाईचा आहे. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी मुसी शहरात सांडपाणीच वाहते, हे खरंच. पण याच नदीच्या २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात हजारो माणसं गेली. त्या वेळी सहावे निजाम महबूब अली खान यांनी नदीला साडी आणि हळदकुंकू वाहून आरती केली, असं शहर अजून सांगतं. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. पण मुसलमान राज्यकर्त्याने नदीची समजूत काढली, ही गोष्ट शहराला जपावीशी वाटते, हे महत्त्वाचं. प्रत्यक्षात पुढचे पूर आवरले ते विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या धरणांनी.

पण तेलंगण मुळात तळ्यांचा मुलूख. काकतीयांच्या काळापासून शेती तळ्यांवर चालली, तेव्हा पाण्याची पूजाही तळ्याकाठी होणार. सर्वपित्री अमावास्येपासून अष्टमीपर्यंत चालणारा बतुकम्माचा सण हीच इथली पाण्याची संध्याकाळ. तरवड, कुर्डू, झेंडू यांचे थर रचून फुलांचा मनोरा करायचा, शिखरावर हळदीची गौरम्मा ठेवायची, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटच्या दिवशी, सद्दुला बतुकम्मेला, मनोरा पाण्यात सोडायचा. गौरम्मेची हळद बायका एकमेकींना लावतात आणि मग मलीदा वाटला जातो. भोंडल्याचा फेर आणि खिरापत ठाऊक असलेल्या मराठी बाईला यात परकं काय वाटेल? वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावरच्या आरतीचं आजचं नेटकं रूप १९९० च्या दशकातलं. तिथे पुरोहित करतात, बाकीचे पाहतात. इथे पुरोहित लागत नाही आणि फेराला प्रेक्षकांची गरज नसते. विधी समजून घ्यायचा असेल, तर मला हे अधिक उपयोगाचं वाटतं.

यावर आक्षेप येतील. तळं म्हणजे नदी नव्हे, हा पहिला. पण कुतुबशाहीत १५६२ च्या सुमारास बांधलेला हुसेनसागर मुसीच्याच एका उपनदीवर आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: २०१४ मध्ये बतुकम्मा राज्याचा सण झाली, तेव्हापासून हुसेनसागराच्या बांधावर, टँक बंडवर, रोषणाई, मंच आणि पुढारी आले. हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच शेवटच्या दिवसावर अडून न बसता आधीच्या एखाद्या संध्याकाळी वस्तीतल्या मैदानात किंवा देवळाच्या आवारात जावं. तिथे मंच नसतो. रानफुलं पाण्यात विरघळतात म्हणून हुसेनसागर स्वच्छ राहतो, असंही कुणी समजू नये. त्यात येणाऱ्या सांडपाण्यापुढे फुलांचं काही चालत नाही. राहिला प्रश्न पाहुण्याने घुसखोरी करण्याचा. फोटो विचारून काढावा. बाई असेल तर फेरात हात धरून ओढली जाण्याची तयारी ठेवावी. पुरुषाने कडेला उभं राहावं, कारण हा सण बायकांचा आहे आणि तिथले पुरुषही तेच करतात.