कुंकवाखालचं मेण

आमच्या आजीच्या फणेरपेटीत दोन डब्या शेजारी शेजारी असायच्या. एकीत कुंकू, दुसरीत मेण. चौलच्या वाडीतलं घर, पडवीत सकाळचा तिरपा उजेड. आंघोळ झाली की आजी पेटीचं झाकण उघडून आतल्या आरशासमोर बसायची. बोटाच्या टोकावर मेण घेऊन ते आधी बोटातच मऊ करायची, कपाळावर रुपयाएवढा गोल फिरवायची आणि त्या गोलावर कोरडं कुंकू दाबून बसवायची. मग दिवसभर चूल, विहीर, नारळी-पोफळीचं शिंपण. मे महिन्याच्या घामातही तिचं कुंकू ओघळलेलं मला आठवत नाही.

अलिबाग तालुक्यात नवऱ्या सजवायला लागल्यापासून ‘ताई, प्राइमर म्हणजे नक्की काय हो?’ हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. मी प्रत्येकीला आजीचं मेण सांगते, कारण तिथे सगळं उत्तर आहे. कोरडं कुंकू नुसत्या कातडीवर टिकत नाही, घामाचा एक थेंब आला की वाहतं. मेण पाण्याला जवळ करत नाही, आणि ते साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणजे कपाळाच्या उबेने मऊ होतं पण पातळ होत नाही. खालून त्वचेला धरायचं, वरून रंगाला धरायचं, मधे घामाला फार वाट द्यायची नाही, एवढं काम ते करायचं. प्राइमरही तेच करतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने करंडे आणि शृंगाराच्या पेट्या मांडल्या आहेत. तिथे गेलात तर मेणाच्या डबीचाही विचार करा. रंगाखाली अस्तर लागतं ही जाण आपल्या बायकांना फार आधीपासून होती.

पेणला किंवा जवळच्या हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या कारखान्यांत डोकावलात तर हीच जाण दिसते. मूर्ती वाळली की ती घासून गुळगुळीत करतात, मग सगळ्या अंगावर पांढरा हात फिरवतात, आणि त्यानंतरच अंगाचा रंग, पीतांबर, शेवटी डोळ्यांची आखणी. पांढरा हात नीट बसला नसेल तर वरचा रंग कुठे शोषला जातो, कुठे नुसता वर राहतो. फरक एवढाच, की मूर्तीला घाम येत नाही. आपल्या किनाऱ्यावर चेहऱ्याचं अस्तर निवडताना सगळा विचार त्या घामाचाच करावा लागतो.

बाजारातला प्राइमर चेहऱ्याच्या रंगभूषेत स्वतंत्र वस्तू म्हणून आला तो बराच उशिरा. आपल्या रंगपटांत आजही ज्याला ‘पॅनकेक’ म्हणतात तो मॅक्स फॅक्टर यांनी 1930च्या दशकात हॉलिवूडच्या रंगीत चित्रपटांसाठी तयार केला. त्यांच्याच पणतूंनी, डीन आणि डेव्हिस फॅक्टर यांनी, 1996 मध्ये लॉस एंजेलिसला स्मॅशबॉक्स ही कंपनी काढली. फोटो स्टुडिओतल्या दिव्यांखाली चेहरा सपाट, एकसारखा दिसावा म्हणून तिने केलेला प्राइमर पुढे जगभर गाजला. ही जन्मकथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. या वस्तूचा विचार झाला तो बंद खोलीत आणि कॅमेऱ्यापुढे. काशीदच्या वाळूत दुपारी तीन वाजता उभ्या राहणाऱ्या नवरीचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता.

नेहमीचा गुळगुळीत, मखमली लागणारा प्राइमर असतो सिलिकॉनचा. डबीवर घटकांची यादी वाचा. सुरुवातीलाच डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन अशी नावं दिसतील. यातलं दुसरं लावल्यावर थोड्या वेळात उडून जातं आणि पहिल्याचा पातळ पापुद्रा मागे राहतो. तो रंध्रांच्या खळग्यांवर पसरतो, आणि त्यात मिसळलेले सिलिकासारखे बारीक कण प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून खळगे कमी दिसतात. रंध्रं बुजत नाहीत, बारीकही होत नाहीत, फक्त दिसत नाहीत. ‘सिलिकॉनने त्वचेचा श्वास कोंडतो’ हे मात्र खरं नाही. त्वचा श्वास घेत नाही, आणि डायमेथिकोनने मुरमं येतात असंही नाही. रात्री चेहरा नीट धुवायला हवा, एवढंच. उडून जाणाऱ्या सिलिकॉनबद्दल वेगळी काळजी आहे, ती पाण्याची आणि हवेची. हे पदार्थ निसर्गात लवकर मोडत नाहीत, म्हणून युरोपीय संघाने चेहऱ्यावर लावून ठेवायच्या प्रसाधनांतही त्यांच्यावर जून 2027 पासून कडक मर्यादा घातली आहे. समुद्रावर पोट असलेल्या आपल्या गावांनी हे माहीत करून घ्यायला हवं.

दुसरा प्रकार पाण्याचा. त्यात ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल असे ओल धरून ठेवणारे पदार्थ असतात. काही चिकट असतात, बोट लावलं तर ओढ जाणवते. कोरड्या त्वचेला हे फार छान, नागपूर-अकोल्याच्या हिवाळ्यात तर हवेच. आपल्याकडे मात्र हवेतच एवढी ओल, की चिकट प्राइमरचा चेहरा तासाभरात चिपचिपतो. त्यात वारा सुटला की बारीक वाळू चिकटते ती वेगळीच. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत जाऊन फोटो काढणाऱ्या जोडप्यांनी हा अनुभव घेतलेला असेल.

इथल्या हवेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण चूक इथेच होते. अलिबाग-मुरुडचा पारा मे महिन्यात विदर्भासारखा चढत नाही. तरीही जीव नकोसा होतो, कारण हवा आधीच ओलीने भरलेली असते आणि घाम उडून जात नाही. तो कातडीवर साचतो. घाम येतो आतून, प्राइमर बसतो वरून. जगातला कुठलाही प्राइमर घाम थांबवत नाही. थर जाड असेल तर खालून आलेला घाम त्याला उचलतो आणि फाउंडेशनसकट सोलतो. नवरीच्या ओठावर, नाकाच्या कडेला, हनुवटीवर जे ठिगळ पडल्यासारखं दिसतं, ते कमी प्राइमरने नाही, जास्त प्राइमरने पडतं. ही गोष्ट समजायला मला स्वतःला काही मोसम लागले.

खोबरेल तेलाचंही इथेच बोलू. किनाऱ्यावरचं प्रत्येक घर ते वापरतं, आणि ‘आधी थोडं तेल लावलं की चेहरा चमकतो’ असं सांगणाऱ्या मावश्या प्रत्येक मांडवात असतात. चमकतो खरा, पण तेलावर रंग घसरतो. आजी तेल कुंकू लावायला नव्हे, काढायला वापरायची. तेलाचं बोट फिरवलं की कालचं मेण सुटून यायचं. तेलाचं काम तेच. रात्री प्राइमर, काजळ, फाउंडेशन उतरवताना तेल किंवा तेलाचा क्लेन्सर घ्या, कापसाने टिपा आणि मग सौम्य फेसवॉशने धुवा. मुरमांची त्वचा असेल तर खोबरेल टाळा, त्याने रंध्रं तुंबू शकतात.

आता आपल्या लग्नाकडे येऊ. आगरी-कोळ्यांकडे हळद म्हणजे लग्नाइतकाच मोठा सोहळा. धवलारीण गाते, बेंजो वाजतो, पहाट होते. आणि त्याच हळदीच्या, तेलाच्या चेहऱ्यावर काही तासांत रंगभूषा चढवायची असते. हळद जबड्याच्या कडेला आणि केसांच्या रेषेत अडकून बसते. मुली घाईने साबणाने घासतात, आणि डाग पिवळ्याचे लालसर होतात. यात नवल नाही. हळदीला चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की ती लाल होते, कुंकू त्यावरच बनतं, आणि साबणही अल्कधर्मी असतो. म्हणून आधी तेलाने सोडवा, मग दुधात कालवलेलं बेसन किंवा सौम्य फेसवॉश. स्क्रब लग्नाच्या सकाळी मुळीच नको, आदल्या दिवशी फेशियल-थ्रेडिंगही नको. सोललेल्या कातडीवर कितीही महागडा प्राइमर लावा, तो झोंबणार.

पुढची गोष्ट कुठल्याही परदेशी व्हिडिओत सांगितलेली नसते. कपाळाच्या मध्यभागी प्राइमर लावू नका. टिकलीचा गोंद सिलिकॉनवर धरत नाही. चंद्रकोर मंगलाष्टकं संपेपर्यंत तिरकी होते आणि मग प्रत्येक फोटोत तिरकीच राहते. टिकलीएवढी जागा कोरडी आणि मोकळी ठेवा. मुंडावळ्या कानशिलांवर घासतात, तिथे पातळ थर देऊन पावडरने घट्ट बसवा. नथ जिथे टेकते त्या नाकपुडीच्या कडेला आणि वरच्या ओठावर घाम सगळ्यात आधी येतो. तिथे तेल शोषणारा प्राइमर अगदी बोटाच्या टोकाने, चोळून नाही तर दाबून लावायचा.

बाकी चेहऱ्याला किती? हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे, आणि तोही सगळीकडे नको. नाक, नाकाशेजारचे गाल, कपाळाच्या बाजू, हनुवटी. डोळ्यांच्या पापणीला वेगळा प्राइमर मिळतो, आणि एकच घ्यायचा असेल तर तो घ्या, कारण पापणीच्या घडीत रंग गोळा होतो तो त्यानेच थांबतो. क्रम असा: चेहरा धुवून हलकं मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, ते मुरायला दहा-पंधरा मिनिटं, नंतर प्राइमर, पुन्हा दोन मिनिटं थांबायचं, मग फाउंडेशन. ही थांबायची मिनिटं खाल्ली की खोडरबराच्या चुऱ्यासारखे गोळे निघतात. प्राइमरवर एसपीएफ लिहिलं असेल तरी सनस्क्रीन सोडू नका. एसपीएफचा आकडा मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर, आणि हरभऱ्याएवढ्या प्राइमरने तो थर होत नाही. रात्रीचं रिसेप्शन असेल तर उलट काळजी घ्या. टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइड असलेल्या वस्तू फ्लॅशमध्ये चेहरा पिठासारखा पांढरा दाखवतात.

‘पाण्याच्या प्राइमरवर पाण्याचं फाउंडेशन, सिलिकॉनवर सिलिकॉनचं’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. ढोबळ मानाने बरोबर आहे, पण आजची बरीचशी फाउंडेशनं दोन्हींचं मिश्रण असतात, त्यामुळे नुसत्या लेबलवर जाऊ नका. दोन्हींचा एकेक थेंब हाताच्या पाठीवर एकत्र फिरवा. फाटलेल्या दुधासारखे वेगळे झाले तर ती जोडी जमणार नाही. रंगीत प्राइमरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हिरवा आणि जांभळा गोऱ्या कातडीच्या हिशोबाने केलेले असतात. आपल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर ते राखी छटा सोडतात आणि मुलगी आजारी दिसते. डोळ्यांखालच्या काळेपणाला नारंगी-पीच छटेचा करेक्टर पुरतो.

खरेदी करताना बाटली फिरवून पाहा. आपल्याकडे 2020चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. त्यानुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची मुदत आणि घटकांची यादी छापलेली असायला हवी, आयात मालावर नोंदणी क्रमांकही. पाऱ्याला आणि शिशाच्या रंगांना कायद्याने मनाई आहे. जत्रेतल्या टपरीवर मोठ्या नावाची बाटली पाव किमतीत मिळत असेल आणि यातलं काहीच छापलेलं नसेल, तर ती चेहऱ्यावर लावू नका. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला सलग दोन-तीन दिवस लावून बघा. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर कायमचे पांढरे डाग पडलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. चेहऱ्यावर रोज बसणारी वस्तू किरकोळ नसते.

आणि सगळ्यांना प्राइमर लागतोच असं नाही. रोज पेझारी-पोयनाडहून एसटीने नोकरीला जाणाऱ्या मुलीला चांगलं सनस्क्रीन आणि चिमूटभर पावडर पुरते. भर उन्हात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या ताईंच्या घरचं लग्न असेल, तर त्यांना मी प्राइमरऐवजी चार टिशू हातात देते आणि सांगते, घाम पुसू नका, टिपा. पुसल्याने रंग सरकतो, टिपल्याने घाम तेवढा निघतो. पन्नाशीपुढच्या आयांना जाड मखमली प्राइमर लावला की सुरकुत्यांत रेषा बसतात. त्यांना मॉइश्चरायझरच हवं. मोसमात दोन-तीन लग्नं असणाऱ्या करवल्यांनी आणि नवरीने मात्र एक बरा प्राइमर जरूर घ्यावा. पाचशे रुपयांचा आणि तीन हजारांचा यांच्या यादीत पहिले घटक बहुधा तेच असतात.

मांडव्याच्या रो-रो बोटीने हल्ली मुंबईच्या मेकअप आर्टिस्टही किनाऱ्यावरच्या लग्नांना येतात आणि रिसॉर्टच्या एसीत सुरेख काम करतात. एसीत सगळेच चेहरे टिकतात. तेव्हा चाचणी कुणाकडेही घ्या, पण तो चेहरा घेऊन लगेच घरी जाऊन धुवू नका. दुपारी पंख्याशिवाय अंगणात बसा, चुलीपुढे किंवा गॅसपुढे अर्धा तास उभ्या राहा, आणि संध्याकाळी आरशात बघा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि मुली डिसेंबरच्या गार हवेत चाचण्या उरकून घेतात. मे महिन्यातल्या लग्नाची चाचणी एप्रिलमध्येच घ्या.