कोजागरीच्या पहाटे धारूरनं धावावं

पुढच्या रविवारी, 11 ऑक्टोबरला, घटस्थापना. अधिक ज्येष्ठामुळे यंदा नवरात्र 19 दिवस पुढे गेलं. गेल्या वर्षी 22 सप्टेंबरला घट बसले तेव्हा निम्मा मराठवाडा अतिवृष्टीनं झोडपून निघाला होता. येत्या आठवड्यात तुळजापूरहून ज्योती निघतील आणि बालाघाटाच्या रस्त्यांवर रात्रभर ‘आई राजा उदो उदो’ ऐकू येईल. त्याच सुमारास मोठ्या शहरांतल्या मॅरेथॉनच्या जाहिरातीही सुरू होतात आणि तालुक्याच्या गावांतले हौशी लोक विचारू लागतात, आपल्याकडे का नाही? बीड जिल्ह्यातल्या धारूरसाठी त्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे: व्हावी, आणि ती ज्योत आणणाऱ्या पोरांच्या हातून व्हावी. कारण या भागात रस्त्यावरची लांब धाव नवी नाही. तिला फक्त क्रमांक आणि घड्याळ लागलेलं नाही.

ज्योतीची धाव नीट पाहिलेल्याला तिच्यातली शिस्त कळते. तुळजाभवानीच्या मंदिरात मशाल पेटते, पुढे मशालवाला, मागे टेम्पो. पोरगा पाच-सातशे मीटर, फार तर किलोमीटरभर पळतो. दम लागायच्या आत पुढच्याच्या हाती मशाल देतो आणि टेम्पोत चढतो. वाटेत तेल घातलं जातं, कारण ज्योत विझता कामा नये. बहुतेक जण अनवाणी. पळताना हात पायांच्या उलट दिशेनं हलतात, म्हणून कमरेवरचं अंग सरळ राहतं. एक हात मशाल धरून वर अडकला की धड पिळवटतं आणि सगळा भार कमरेवर येतो. जुनी पोरं म्हणूनच थोड्या-थोड्या अंतरावर हात बदलतात. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षकानं शिकवलेलं नाही. आधीच्या पिढीकडे बघून ते आलंय. पाणी, पाळ्या, दुखावलेल्याला बाजूला घेणं, मागून येणाऱ्या ट्रकला हात दाखवणं, हे सगळं गावातलं नवरात्र मंडळ सांभाळतं. शर्यतीच्या आयोजकाला जे जमवावं लागतं त्यातलं बरंचसं यातच आलं.

पण एक फरक ओळखला पाहिजे. ज्योत शंभराहून जास्त किलोमीटर धावते, पोरगं मात्र तुकड्या-तुकड्यांनी. पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्या भरतीच्या पोरापोरींचंही तसंच. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. म्हणजे तयारी सगळी वेगाची, छाती फुटेस्तोवर. 21.0975 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन त्या वेगानं सुरू केली तर चौथ्या-पाचव्या किलोमीटरलाच पाय जड होतात. तिथं शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता येतील एवढाच वेग धरायचा असतो, आणि तो अंगवळणी पडायला तीन-चार महिने सराव लागतो.

म्हणून यंदा पूर्ण अंतराचा हट्ट नको. चौघांचा एक संघ, प्रत्येकाच्या वाट्याला सव्वापाच किलोमीटर, हातातून हातात देण्यासाठी मशालीऐवजी भगवा रुमाल. मंडळांना ही रीत पाठ आहे. एकट्यानं पूर्ण 21 पळायची शर्यत पुढच्या वर्षी.

आता दिवस. नवरात्राच्या नऊ दिवसांत शर्यत ठेवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. साठ किलोचा माणूस पळताना किलोमीटरला साधारण साठ कॅलरी जाळतो, म्हणजे पूर्ण 21 किलोमीटरला बाराशे-तेराशे. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा साठा चारशे-पाचशे ग्रॅमचा, पोटभर जेवणाऱ्याला पुरणारा. साबुदाणा, भगर, रताळं खाऊन उपवास करणाऱ्याचं एक वेळ निभेल, कारण त्यात पिष्ट भरपूर. पण इथं नऊ दिवस एकभुक्त किंवा नुसत्या पाण्या-फळांवर राहणारे कमी नाहीत. त्यांना ऑक्टोबरच्या उन्हात पळवणं हा अपराध ठरेल. अशा वेळी मीठ न घेता नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो. पाणपोयांवर मीठ-साखर-लिंबू हवंच.

दसरा 20 ऑक्टोबरला. उपवास सुटले, चार दिवस अंगात अन्न गेलं, आणि 25 ला रविवार, त्याच रात्री कोजागरी. ज्योतीच्या पायांनाही दोन आठवड्यांची विश्रांती मिळालेली असेल. काही घरं त्या सुमारास तुळजापूरच्या वाटेवर असतील, पण गाव रिकामं नसेल. मला हाच दिवस हवा वाटतो. साडेपाचला सुरुवात केली तर उन्हं चढायच्या आत बहुतेक सगळे परत येतील. रात्री दूध आटवायचंच आहे, बक्षिसं तेव्हा वाटावीत.

या तारखेमागचं खरं कारण मात्र ऊस. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या तालुक्यांतली गावंच्या गावं तोडीला जातात. राज्यात 2024-25 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, 2025-26 चा 1 नोव्हेंबरला. दसरा झाला की मुकादमाचे फोन सुरू होतात, उचल आधीच घेतलेली असते, आणि ट्रॅक्टर-ट्रक सांगली-कोल्हापूर-कर्नाटककडे निघतात. शहरी मंडळी थंडी बघून डिसेंबर-जानेवारीची तारीख धरतात. धारूरनं तसं केलं तर शर्यत होईल, पण घरोघरी कुलूप असलेल्या वाड्या-तांड्यांच्या कडेनं. ज्यांच्या पायांत या जिल्ह्याची ताकद आहे ती माणसं तेव्हा फडात असतील.

मार्गाबद्दल भावनेच्या भरात चूक होईल अशी भीती वाटते. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घाट येणार. धारूर घाट देखणा आहे यात शंका नाही, पण तो खामगाव-पंढरपूर महामार्गाचा अरुंद, वळणावळणाचा भाग आहे, आणि त्याच्या रुंदीकरणासाठी लोक वर्षानुवर्षं ओरडत आहेत. ती वाहतूक तीन तास अडवता येणार नाही आणि अडवूही नये. शिवाय उताराची धाव मांड्या फोडते. एका टोकाला सुरू होऊन उतारानं दुसऱ्या टोकाला संपणाऱ्या शर्यतीची वेळ विक्रमासाठी धरतही नाहीत, किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही. त्यापेक्षा सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या किश्वर खानानं बांधलेल्या किल्ल्यापासून सुरुवात करावी, आडसच्या रस्त्यानं माळावरून साडेदहा किलोमीटर जावं आणि तसंच माघारी यावं. अंतर मोबाइलवर मोजू नये. प्रमाणित मोजणी सायकलच्या चाकाला गणक लावून, वळणांच्या आतल्या कडेनं करतात आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक या हिशेबानं, इथं 21 मीटर, वाढवून धरतात.

लहान शहराला हे पेलतं का, याचं उत्तर साताऱ्यानं दिलंय. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 मध्ये यवतेश्वरच्या घाटात सुरू झाली आणि 2015 मध्ये 2,618 धावपटूंच्या डोंगरधावेची गिनीज बुकात नोंद झाली. कासची फुलं त्याच दिवसांत असतात, त्यामुळे पाहुणा दोन्हींसाठी येतो. धारूरकडे याच दिवसांत सीताफळ असतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रानं निवडलेल्या एका वाणाचं नावच धारूर-6. शेवटच्या रेषेवर पदकाबरोबर परडीभर सीताफळं द्यावीत, थकल्या अंगाला साखरही मिळेल आणि बागवाल्यांचे पैसेही होतील. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे, तिथले विद्यार्थी डॉक्टर मार्गावर उभे राहिले तर आयोजकांची मोठी काळजी मिटेल.

आणि अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, याच जिल्ह्यातला, शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल तुडवणारा मुलगा. स्टीपलचेसमधलं 2022 चं राष्ट्रकुल रौप्य आणि 2023 चं आशियाई सुवर्ण सगळ्यांना ठाऊक आहे. 29 नोव्हेंबर 2020 ला दिल्लीत त्यानं अर्धमॅरेथॉन एक तास 30 सेकंदांत धावली हे मात्र गावोगावी माहीत नाही. त्याआधी एकाही भारतीयानं हे अंतर 61 मिनिटांच्या आत कापलं नव्हतं. तोही सैन्यात भरती होऊन सियाचीनला राहून आल्यावर धावू लागला, लहानपणी त्याच्या तालुक्यात अशी शर्यत नव्हती. पुढच्या साबळेला सियाचीनपर्यंत जावं लागू नये, एवढं तरी आपल्याला करता येईल.

मुलींसाठी वेगळे संघ पहिल्या वर्षापासूनच हवेत. ज्योतीमागे त्या क्वचित धावतात, भरतीच्या तयारीत मात्र रोज दिसतात. नावनोंदणी मंडळांकडे ठेवावी, शुल्क बाहेरच्यांनाच असावं. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्यांसाठी पाच किलोमीटरचा एक गट असावा. मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतो. इथं त्या दोघांना छातीवर लावायला दोन वेगळे क्रमांक द्यावेत, आणि निकालाच्या यादीत दोघांची नावं वेगवेगळी छापावीत.