भाषांतराची उमेदवारी

कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर पाहिलेल्या नागपूरकराला जपान हा देश अगदीच परका वाटत नाही. नोरिको ओगावा यांच्या दानातून १९९९ साली हे मंदिर उभे राहिले. आणि त्याच्या कितीतरी आधी जपानमध्ये जन्मलेले भदन्त सुरई ससाई या शहरात येऊन येथलेच झाले. परंतु श्रद्धेने जुळलेले हे नाते भाषेपर्यंत फारसे पोचलेले नाही. जपानी शिकू इच्छिणारा विदर्भातील विद्यार्थी बहुधा पुण्याची वाट धरतो.

वस्तुतः ही भाषा मराठी माणसाला अवघड असली, तरी अनोळखी नाही. तिच्या अक्षरमालेचा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडला. वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि 'शाळेला' या शब्दातील 'ला'प्रमाणे तेथेही संबंधदर्शक शब्द नामामागून येतात. कठीण आहे ती चित्रलिपी. नित्य वापराच्या चिन्हांची २०१० सालची अधिकृत यादीच २,१३६ चिन्हांची आहे.

जपानी भाषाप्रावीण्य परीक्षा १९८४ पासून घेतली जाते आणि २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. नोकरीच्या जाहिरातीत याच परीक्षेचा उल्लेख असतो. मात्र तीत बोलणे नाही, लिहिणे नाही आणि भाषांतर तर नाहीच. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते. म्हणजे वरची पातळी गाठलेला विद्यार्थीही भाषांतरकार झालेला नसतो. तो होतो कामाच्या जागी. म्हणूनच जपानी भाषांतरसंस्थेतील काही महिन्यांच्या उमेदवारीला महत्त्व आहे.

तेथे आरंभी त्याच्या वाट्याला येते ते काम नीरस असते. मूळ मजकूर व भाषांतर शेजारी ठेवून आकडे, नावे आणि तारखा ताडून पाहणे. एका यंत्रभागाला सर्वत्र एकच शब्द वापरला आहे ना, याची यादी ठेवणे. पण खरे शिक्षण येथेच होते. जपानी गणना दहा हजारांच्या पटीत चालते. 'ओकु' म्हणजे आपले दहा कोटी. इंग्रजीतील मिलियनमार्गे हा आकडा मराठीत आणताना एक शून्य सुटले, तर करारच फिरतो. 'विचार करू' असे जपानी व्यवहारात म्हटले, की तो पुष्कळदा सौम्य नकार असतो. आपल्याकडच्या 'बघू'चा अर्थ ज्याला कळतो, त्याला हे कळावयास हरकत नाही. परंतु ते दाखवून देणारा अनुभवी माणूस शेजारी असावा लागतो.

आता या पहिल्या पायरीवरच संकट आले आहे. कच्चा खर्डा यंत्र क्षणात करून देते, आणि नवशिक्यांचे काम कमी होऊ लागते. मात्र यंत्राच्या सफाईदार वाक्यातील चूक ओळखण्यास मुरलेली नजर लागते. ती खालच्या पायऱ्या न चढता कोणाला लाभेल? आज उमेदवार नाकारणाऱ्या संस्थांना उद्या तपासनीस कोठून मिळणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अशा प्रत्यक्ष कामाला अभ्यासक्रमात स्थान दिले, हे योग्यच झाले. परंतु केवळ प्रमाणपत्र हाती देऊन ते साधणार नाही. उमेदवाराचे काम कोणीतरी तपासले पाहिजे, प्रत्येक दुरुस्तीचे कारण त्याला सांगितले पाहिजे आणि त्याला विद्यावेतनही मिळाले पाहिजे. पुण्या-मुंबईत फुकट काम करून खोलीचे भाडे भरणे नागपूरच्या कारकुनाच्या किंवा यवतमाळच्या शेतकऱ्याच्या मुलाला परवडणारे नाही. विद्यावेतन नसेल, तर ही संधी गुणवत्तेची न राहता ऐपतीची होते. भाषांतराचे बरेचसे काम आता घरबसल्या होऊ शकते. तेव्हा संस्थांनी आणि विद्यापीठांनी मनावर घेतले, तर नागपुरात राहूनही ही उमेदवारी करता येईल.

जपानच्या दानातून कामठीत मंदिर उभे राहिले. त्या देशाशी त्याच्या भाषेत बोलणारी माणसे घडविणे हे काम मात्र आपले आपणच केले पाहिजे.