विषय यादीवर आला का?

टीव्हीवर संसदेचं कामकाज लागलं की आपल्याकडे लगेच चॅनल बदललं जातं. ‘नुसते भांडतात मेले, त्यात काय बघायचं!’ असं म्हणून मालिका लावली जाते. गोंधळ होतो हे खरंच आहे, नाही कोण म्हणेल? पण मैत्रिणींनो, त्या गोंधळामागे एक काटेकोर वेळापत्रक असतं. आपल्या बायकांच्या हक्काचा एक कायदा त्या वेळापत्रकात तब्बल २७ वर्षं अडकला होता. म्हणून आज जरा त्याविषयी बोलू या.

लोकसभेचा दिवस साधारणपणे सकाळी ११ वाजता सुरू होतो. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. ज्या प्रश्नावर तारा, म्हणजे फुलीसारखी खूण असते, तो तारांकित प्रश्न. त्याचं उत्तर मंत्र्यांनी उभं राहून तोंडी द्यायचं, आणि त्यावर उपप्रश्नही ऐकून घ्यायचे. असे दिवसाला २० प्रश्न यादीत असतात. २३० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं लेखी मिळतात. पण आज मनात आलं आणि आजच विचारलं, असं इथे चालत नाही. किमान १५ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. कुठल्या खात्याचे प्रश्न कुठल्या वारी, हे ठरलेलं असतं आणि कोणाचा प्रश्न आधी, ते सोडतीनं ठरतं. म्हणजे पहिल्यांदा निवडून आलेल्या खासदाराचा नंबरही दिग्गजांच्या आधी लागू शकतो!

१२ वाजता येतो शून्य प्रहर. गंमत म्हणजे हे नाव नियमांच्या पुस्तकात कुठेच नाही. १९६०च्या दशकात ही प्रथा पडली आणि रुजली. मतदारसंघातला तातडीचा प्रश्न खासदार इथे मांडतात. राज्यसभेत मात्र २०१४च्या अखेरीपासून क्रम उलटा केला आहे. तिथे शून्य प्रहर आधी आणि प्रश्न १२ वाजता. त्यानंतर विधेयकं, चर्चा, मतदान. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी विधेयकांचे, म्हणजे जे मंत्री नाहीत अशा खासदारांनी आणलेल्या विधेयकांचे. १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाली, आणि त्यातलं शेवटचं १९७० साली! आठवड्याच्या शेवटी उरलेला वेळ ज्याच्या वाट्याला येतो, त्याचं काय होतं, हे आपल्याला घरात वेगळं सांगायला नको.

मग हे सगळं ठरवतं कोण? लोकसभेत त्यासाठी कामकाज सल्लागार समिती असते. अध्यक्षांसह १५ जण, त्यात निरनिराळ्या पक्षांचे लोक. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे, हे ही समिती सुचवते. पक्षांना बोलायला वेळ मिळतो तो त्यांच्या संख्याबळाप्रमाणे. पण सरकारी कामातलं कोणतं आधी घ्यायचं आणि कोणतं मागे ठेवायचं, हे शेवटी सरकारच्याच हातात राहतं. रोज दुसऱ्या दिवसाच्या कामकाजाची यादी छापली जाते. यादीत आलं ते सभागृहापुढे आलं. रात्री मटकी भिजत घातली नाही, तर सकाळी उसळीचा विषयच संपला, तसंच आहे हे.

महिला आरक्षण विधेयकाचं नेमकं हेच झालं. लोकसभा आणि विधानसभांमध्ये बायकांना एकतृतीयांश जागा द्याव्यात, असं ते विधेयक १९९६च्या सप्टेंबरमध्ये लोकसभेत पहिल्यांदा मांडलं गेलं. मंजूर होण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली. नियम असा, की लोकसभेत पडून असलेलं विधेयक लोकसभेबरोबरच संपतं. १९९८ला पुन्हा मांडलं, पुन्हा संपलं. १९९९ला मांडलं, तेही संपलं. म्हणजे उघड विरोध करून पाडायचीही गरज नाही. नुसतं ताटकळत ठेवलं की झालं! आपल्याकडे भिजत घोंगडं म्हणतात ना, तेच.

मग २००८च्या मे महिन्यात ते मुद्दाम राज्यसभेत मांडलं गेलं. कारण राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, त्यामुळे तिथे मांडलेलं आणि तिथेच असलेलं विधेयक लोकसभा गेली तरी जिवंत राहतं. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेनं ते १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर केलं. त्याआधी इतका गोंधळ झाला, की सात खासदारांना निलंबित करावं लागलं. आपल्याला वाटलं, आता झालं! पण पुढे ते लोकसभेकडे गेलं आणि तिथे चार वर्षांत चर्चेला आलंच नाही. २०१४ला ती लोकसभा संपली, विधेयकही संपलं.

शेवटी १९ सप्टेंबर २०२३ रोजी, नव्या संसद भवनातल्या कामकाजाच्या पहिल्याच दिवशी, नवं विधेयक आलं. तेही मूळ यादीत नव्हे, पुरवणी यादीत. प्रत हातात नाही म्हणून विरोधकांनी हरकत घेतली. जुनं विधेयक अजून जिवंत आहे की संपलं, यावरही त्या दिवशी वाद झाला. दुसऱ्याच दिवशी लोकसभेनं ४५४ विरुद्ध २ मतांनी ते मंजूर केलं, आणि २१ तारखेला राज्यसभेनं, विरोधात एकही मत न पडता. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच आरक्षण लागू होईल, अशी अट मात्र त्या कायद्यात घातली गेली. २७ वर्षं जे जमत नव्हतं, ते यादीत आल्यावर तीन दिवसांत झालं!

आता ‘हरकतीचा मुद्दा’ म्हणजे काय, तेही समजून घेऊ. कामकाज नियमाप्रमाणे चाललेलं नाही असं वाटलं, तर कोणताही सदस्य उभा राहून तो मांडू शकतो. मात्र नियम किंवा राज्यघटनेतलं कलम कुठे मोडलं जातंय, ते सांगावं लागतं. तेव्हा जे काम चालू असेल, त्याच्याशी त्याचा संबंध हवा. भाषण ठोकायला किंवा माहिती विचारायला तो वापरता येत नाही. अध्यक्ष जो निर्णय देतील तो अखेरचा, त्यावर चर्चा नाही. या खुर्चीशी मराठी माणसांचं जुनं नातं आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर मराठी घराण्यातले. २०१४ ते २०१९ या काळात अध्यक्ष असलेल्या सुमित्राताई महाजन इंदूरच्या खासदार, पण जन्मानं आपल्या चिपळूणच्या! गणपूर्तीचा, म्हणजे कोरमचा मुद्दाही असाच. एकूण सदस्यांच्या एकदशांश हजर नसतील, तर सभागृह थांबवावं लागतं. एकटीनंही हे लक्षात आणून दिलं, तरी खुर्चीला त्याची दखल घ्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, ‘दिल्लीचं आम्हाला काय करायचंय?’ सांगते. बचत गटाच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. एका गावात वस्तीवरच्या बायका नळाची मागणी घेऊन सलग दोन ग्रामसभांना गेल्या. दोन्ही वेळा उत्तर एकच, ‘आयत्या वेळच्या विषयात घेऊ.’ आयत्या वेळचे विषय येईपर्यंत निम्मी माणसं घरी गेलेली, चहा झालेला, सभा संपलेली! मग आम्ही बसून ठरवलं. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. त्या सभेत ठराव केला, अर्जासोबत दिला आणि पोच घेतली. पुढच्या विषयपत्रिकेवर नळाचा विषय तिसऱ्या क्रमांकावर छापून आला. आजीबाईंपासून सुनांपर्यंत सगळ्या येऊन बसल्या. त्या दिवशी टाळायची कोणाची टाप नव्हती. नळ यायला पुढे आठ महिने लागले, पण ठराव त्याच दिवशी झाला.

सभा सोसायटीची असो, शाळेच्या पालकांची असो की गटाची, विषयपत्रिका आधी मागून घ्या. आपला विषय त्यात नसेल, तर वेळेत लेखी द्या आणि पोच जपून ठेवा. सभा झाल्यावर इतिवृत्तावर सही करायला वही पुढे येते ना? ‘इथे सही करा हो ताई’ म्हणून बोट दाखवलं, तरी घाई करू नका. आपण बोललो ते त्यात लिहिलंय का, ते आधी वाचा. सही मग करा.