एका पलटणीची पदके

लष्करी पदक हाती आले की जाणकार संग्राहक आधी राजाची छबी पाहत नाही. तो पदक उभे धरतो आणि भिंगाखाली कड फिरवत नेतो. ३६ मिलिमीटर व्यासाच्या चकतीच्या त्या अरुंद कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असतात. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल सुमारे ६५ लाख लोकांना मिळाले. त्यांतले एक साताऱ्याच्या जवानाचे की लिव्हरपूलच्या, हे कड वाचल्यावरच कळते.

एकटे पदक एका युद्धापुरते बोलते. दोन-तीन युद्धे पाहिलेल्या माणसाचा संच मात्र नोकरीचा सगळा प्रवास सांगतो, आणि आपल्याकडच्या शिपायाबाबत बऱ्याचदा तेवढेच चरित्र शिल्लक असते. म्हणून अशा संचांचा संग्रह मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यासाठी मराठ्यांची एकच पलटण घेऊ.

११० वी मराठा लाइट इन्फंट्री मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकली. १४७ दिवस उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी ठाणे शरण गेले आणि जिवंत उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले. अशा सैनिकाचा संच तीन पदकांचा: १९१४-१५ चा ब्राँझचा तारा, चांदीचे वॉर मेडल, ब्राँझचे व्हिक्टरी मेडल. ताऱ्याला कड नसते, त्यामुळे नाव त्याच्या सपाट पाठीवर असते. कूतसाठी पदकावर चढवायची वेगळी पट्टी (क्लास्प) सरकारने काढलीच नाही. वेढ्यात घोड्याच्या मांसावर दिवस काढलेला शिपाई आणि बसऱ्याच्या गोदीवर पहारा दिलेला शिपाई, दोघांची पदके तीच. फरक दाखवते ती कडेवरची पलटण.

नोकरीत टिकलेल्यांच्या छातीवर पुढे इंडिया जनरल सर्व्हिस मेडल चढले. वायव्य सरहद्दीवरच्या दर मोहिमेला नवे पदक मिळत नसे. जुन्याच पदकाच्या दांडीवर नवी पट्टी चढे. कडेवर पलटण मात्र पहिल्या वेळची राही. पट्टी आणि पलटण जुळत नाही म्हणून नवखा माणूस अशा पदकाला खोटे ठरवतो. तो सैनिक मधल्या काळात दुसऱ्या पलटणीत बदलून गेलेला असू शकतो, हे आधी तपासावे.

१९२२ च्या फेररचनेत ११० वीचे नाव बदलून ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाले. ही बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढली. तिथल्या लढाईबद्दल आफ्रिका स्टार मिळाला. मग इटली. वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटनने स्वतःच्या सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांवर नावे घातली नाहीत. भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर ती बहुधा असतात. आपल्या संग्राहकांच्या दृष्टीने हे फार मोठे भाग्य.

यानंतरचे पदक मला सर्वांत प्रिय आहे. १९४७ च्या स्वातंत्र्य पदकाच्या एका बाजूला अशोकचक्र आणि त्याच्यावर जॉर्ज सहाव्याचा मुकुट. उलटले की सारनाथचे सिंह आणि १५ ऑगस्ट ही तारीख. फीत तिरंगी. राज्य हस्तांतरित होताना एकाच चकतीने दोन्ही सत्ता धरून ठेवल्या आहेत. लगेच जम्मू-काश्मीर पेटले. ही बटालियन तोवर छत्रीधारी झाली होती आणि मार्च १९४८ मध्ये झांगड परत घेण्याच्या लढाईत ती होती. त्या सेवेच्या जनरल सर्व्हिस मेडलवर तेजोवलयात टोक वर करून उभी भवानी तलवार आहे. केरेन, टायबर आणि झांगड पाहिलेल्या जवानाच्या एकत्र शिवलेल्या पदकांच्या बारवर राजाची छबी आणि भवानी शेजारी शेजारी लटकतात.

हीच पलटण पुढे २ पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी ती तंगाईलजवळ आकाशातून उतरली आणि पाच दिवसांनी ढाक्यात पोचली. त्या पिढीकडे ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ आहे.

असे संच अखंड सापडणे दुर्मीळ, आणि त्याला कारण आहे चांदी. वॉर मेडलमध्ये जवळपास एक औंस चांदी असते. १९७९-८० मध्ये चांदीचे भाव भडकले तेव्हा जगभर ही पदके वितळवली गेली. आपल्याकडे लग्न, दुष्काळ, आजारपण यांच्यापायी ती त्याआधीपासूनच सराफाकडे जात होती. ज्या घरावर अडचण आली त्याला बोल कसा लावणार? मात्र पुढचा प्रकार मला सहन होत नाही. धंदेवाले उरलेला संच फोडतात: तारा एकाला, दुर्मीळ पट्टीचे पदक दुसऱ्याला. संच एकदा फुटला की तो माणूस पुन्हा जुळत नाही. नंबर पलटणीपुरते असत आणि पुन्हा दिले जात. वेगळ्या पडलेल्या दोन पदकांवरचा जाधव एकच की दोन, हे सिद्ध करता येत नाही.

पलटणीबरोबरचे भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले यांना अनेक मोहिमांत शिपायांचेच पदक ब्राँझमध्ये मिळे. बाजारात बरीच वर्षे त्या पदकांना कुणी विचारत नव्हते. चांदीची पदके मुशीत गेली, ही मात्र वाचली.

खरेदी करताना कड आधी तपासावी. जुने नाव घासून नवे कोरले असेल तर व्यास किंचित कमी भरतो. कॅलिपरने दोन दिशांनी मोजला की लक्षात येते. अक्षरांची धाटणी अस्सल पदकाशी ताडून पाहावी. कायदाही ध्यानात हवा: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या मर्यादेत आली आहेत.

नाव सापडल्यावर खरे काम सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण तिथे साध्या भारतीय शिपायांची नावे कोरली नाहीत. पलटणवार आकडे दिले. त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या नोंदींत मिळतात, बऱ्याचदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्ह्यासकट. कडेवरचा नंबर तिथे जुळला की पत्ता हाती येतो. जिवंत परतलेल्यांची अशी सोय नाही. त्यांच्यासाठी पेन्शनबुक, बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या नोंदी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण, एवढेच आधार.

१९७१ चे जवान आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या घरी पदके असतील तर बार उसवू नका, पदके घासून चकचकीत करू नका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. कोणते पदक कुठे मिळाले, हे आजोबांनाच विचारून त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, आणि तो कागद त्याच डब्यात ठेवा.