कायझरश्टूल : सपाटीतलं ज्वालामुखी बेट

कुठे : नैऋत्य जर्मनी, ऱ्हाईनच्या सपाटीत, फ्रायबुर्गजवळ
उंची : टोटेनकोफ, सुमारे ५५७ मीटर
वय : ज्वालामुखी सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वी जागृत होता; तुलनेसाठी, सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा.
माती : हिमयुगात वाऱ्याने आणलेला पिवळसर 'लोएस', त्यावर द्राक्षमळे.
पक्षी : आपल्या वेड्या राघूचा रंगीत भाऊबंद, युरोपीय वेडा राघू, लोएसच्या उभ्या कड्यांत बिळं करून अंडी घालतो आणि हिवाळ्याला आफ्रिकेत जातो. हुदहुदही दिसतो.
वाट : एंडिंगेन ते इहरिंगेन 'कायझरश्टूलफाड', सुमारे २२ किमी, दोन्ही गावांत रेल्वे स्थानक.
केव्हा : मे ते जुलै.
विनंती : बिळांपासून लांब थांबा, दुर्बिणीतूनच पाहा.