उंदरांनी दाखवलेली दिशा

डासाच्या लाळग्रंथी सुईने सोडवायच्या, त्यांतले मलेरियाचे स्पोरोझोइट, म्हणजे डासातून शरीरात शिरणारे परजीवी, काढायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते उंदरांना टोचायचे. १९६७ साली न्यूयॉर्क विद्यापीठात रूथ नुसेन्झ्वाइग यांनी हा खटाटोप केला. जन्म व्हिएन्नाचा, नाझींमुळे घर सुटलेलं, डॉक्टरकी ब्राझीलमध्ये झालेली. किरणांनी पंगू झालेले परजीवी यकृतापुढे जाऊ शकत नव्हते. पण नंतर त्याच उंदरांना धडधाकट स्पोरोझोइट टोचले, तरी त्यांतल्या अनेकांना मलेरिया झालाच नाही!

शरीराने नेमकं ओळखलं काय? या उंदरांच्या रक्तद्रवात स्पोरोझोइट सोडले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीच्या अंगावर साका धरू लागला आणि मागे शेपटासारखा लोंबू लागला. उंदरांची प्रतिपिंडं त्याच्या बाहेरच्या आवरणाला चिकटत होती.

१९८० साली कोडं सुटलं. नोबुको योशिदा आणि सहकाऱ्यांनी त्या आवरणातल्या एकाच प्रथिनाला धरणारं प्रतिपिंड उंदरांना आधी दिलं, मग स्पोरोझोइट टोचले. उंदीर वाचले. मला या सगळ्या शोधातला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. डास कापून कापून जगाला पुरेल एवढी लस कुठून होणार? प्रथिन मात्र कारखान्यात बनवता येतं.

१९८४ मध्ये माणसाचा जीव घेणाऱ्या फाल्सिपेरम या मलेरिया परजीवीच्या याच प्रथिनाचा जनुक हाती आला. १९८७ मध्ये अमेरिकेत या प्रथिनाची लस घेतलेल्या सहा जणांनी मलेरियाचे डास चाववून घेतले. एकच बचावला. संशोधक रिप्ली बॅलू स्वतः त्या चाचणीत होते, तेही तापाने फणफणले. सुटं प्रथिन माणसाचं शरीर फारसं मनावर घेत नव्हतं.

मग बेल्जियममध्ये त्याचा तुकडा हिपॅटायटिस-बीच्या प्रथिनाला जोडला गेला. त्याचे विषाणूएवढे कण बनले, जोडीला प्रतिकारशक्ती चेतवणारं द्रव्य दिलं. १९९७ मध्ये ही लस घेऊन डास चाववून घेतलेल्या सातांपैकी सहा जण वाचले. आफ्रिकेतल्या मुलांना या लशीने, आरटीएस,एसने, अर्धंमुर्धंच संरक्षण दिलं, तरी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. योग्यच केलं, कारण जिथे मलेरियाने लेकरं जातात तिथे अर्धं संरक्षणही फार मोठं असतं. तिच्या कणांतल्या थोड्याच रेणूंवर मलेरियाचा तुकडा होता. ऑक्सफर्डने आखलेल्या आर-२१ लशीत तो प्रत्येक रेणूवर आहे. २०२३ मध्ये तिचीही शिफारस झाली, आणि ती बनते पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये.